मागच्या ॲक्सलच्या माउंटिंगचे आटे गेले: हेलिकॉइल, जाडा बोल्ट की नवीन नट?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा तातडीचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, मागे ट्विस्ट बीम ॲक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा बीम). ॲक्सलची रबरी बुशं फाटली होती, खड्ड्यात मागून कुरकुर यायची. बुशं बदलायला गाडी चिपळूणच्या एका गॅरेजात दिली. ॲक्सलचा पुढचा ब्रॅकेट दोन्ही बाजूंना तीन-तीन बोल्टांनी बॉडीला धरलेला असतो. डावीकडचा एक बोल्ट पोराने हाताने न लावता थेट गनने (बोल्ट आवळायच्या मशीनने) चढवला. तो आता नुसताच फिरतोय, घट्ट होत नाही. बाहेर काढला तर बोल्टच्या आट्यांत नटाचे आटे तारेसारखे गुंडाळून आले.

नट चासीच्या बंद चॅनलच्या आत वेल्ड केलेला आहे. वरून हात जात नाही, पाना जात नाही.

आत्तापर्यंत मिळालेले सल्ले असे. गॅरेजवाला म्हणतो १४ मिमीचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारून जाडा बोल्ट टाकू. शेजारचा वेल्डर म्हणतो डिकीचा पत्रा कापू, नवा नट लावू. एक मित्र म्हणतो हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसव. आणि गॅरेजातलाच दुसरा माणूस म्हणतो, 'अजून दोन बोल्ट आहेत ना, पळवा बिनधास्त.'

यातलं नेमकं काय करावं? आणि तोवर गाडी गावातल्या गावात चालवावी का?

पाना_बारा_तेरा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नको. गावातल्या गावातही नको.

सुमो_ते_स्कूटी

फोटो टाका राव. फोटोशिवाय धागा म्हणजे मीठ नसलेली आमटी.

वाशिष्ठीकाठ

फोटो टाकला, पण खाली अंधार होता, नीट दिसत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ (ताकदीचा क्लास) लिहिलंय. जाडी व्हर्नियरने १२ मिमीला थोडी कमी भरते.

उद्यमनगरी

कोल्हापुरात लेथवर आयुष्य गेलं, त्यामुळे चार गोष्टी सांगतो. घाई करू नका.

पहिलं काम, गेलंय नक्की काय ते बघा. बोल्ट गेला, नट गेला की दोन्ही? तारेसारखं वेटोळं निघालं म्हणता म्हणजे नटाचे आटे गेलेत हे दिसतंच आहे, पण किती गेलेत ते कळलं पाहिजे. दोनच तोंडचे गेले असतील आणि आतले शाबूत असतील तर वेगळा उपाय, सगळे झडले असतील तर वेगळा.

दुसरं, पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, मोजा. १२च्या बोल्टला तीन पिच सर्रास मिळतात: १.७५, १.५ आणि १.२५. गाड्यांच्या सस्पेन्शनला बऱ्याचदा १.२५ किंवा १.५ असतो, आणि हार्डवेअरच्या दुकानात 'बाराचा बोल्ट द्या' म्हटलं की हातात १.७५ येतो. तो दीड-दोन फेरे जातो, मग अडतो. वर गन लावली की झालं कल्याण. तुमच्याकडे हेच झालंय का तेही तपासा. पिच गेज नसेल तर उजव्या बाजूचा चांगला बोल्ट काढून दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. फट दिसली की पिच वेगळा.

तिसरं, लगेच टॅप घालू नका. टॅप धातू कापतो, आणि तुमच्याकडे आता कापण्याएवढा धातू उरलेला नाही. त्याच पिचचा एक नवा चांगला बोल्ट घ्या, ग्राइंडरच्या पातळ चाकाने त्याला लांबीच्या दिशेने तीन-चार चिरा पाडा, कडा कानशीने साफ करा. तेल लावून तो हाताने नटात फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. चिरांमध्ये कचरा साठतो, वाकलेले आटे सरळ होतात, कापलं काहीच जात नाही. हा बोल्ट हाताने किती फेरे धरतोय ते मोजा आणि इथे लिहा. पुढचं त्यावरून बोलू.

केबीन_क्लीनर

अण्णा बोलले की आम्ही वही काढतो. वाचनखूण साठवली.

पठारे_चाकण

१४चा बोल्ट टाकून मोकळे व्हा. माझ्या आधीच्या गाडीला मागे उजवीकडे हेच केलं होतं. गाडी विकेपर्यंत काही झालं नाही. हेलिकॉइल वगैरे ॲल्युमिनियमच्या इंजिनला ठीक आहे, चासीला कशाला?

फास्टनरवाली

पठारेदादा, तुमच्या गाडीत चाललं असेल, नाही म्हणत नाही. पण मी पोटापाण्यासाठी हेच काम करते, तर आकडे मांडून बघूया.

बाराच्या वेल्ड नटाची रुंदी चपट्या बाजूंवर १९ मिमी धरा. १४चा आटा मारला की नटाच्या भिंतीला दोन्हीकडे अडीच मिमी उरतात. आता १२ × १.२५च्या हेलिकॉइलचा टॅप बघा. त्याचा बाहेरचा व्यास साधारण १३.६ मिमी असतो. म्हणजे भिंत २.७ मिमी. फरक जेमतेम ०.२ मिमीचा! त्यामुळे 'हेलिकॉइलने नट शाबूत राहतो आणि १४ने कमजोर होतो' हे जे बरेच जण सांगतात त्यात फारसं तथ्य नाही. दोन्हीत नट जवळपास सारखाच कोरला जातो.

खरा फरक दुसरीकडे आहे. हेलिकॉइलमध्ये बोल्ट १२चाच राहतो, ब्रॅकेटचं भोक तेच राहतं, टॉर्क (आवळायचा जोर) कंपनीचा तोच चालतो, आणि उद्या दुसऱ्या गावात कुणी गाडी उघडली तरी त्याला बोल्ट मिळतो. १४ टाकायचा तर ब्रॅकेटचं भोकही मोठं करावं लागतं. ते भोक जरा सरकलं की डावा ब्रॅकेट उजव्याच्या रेषेत राहत नाही, ॲक्सल तिरका बसतो, आणि टायर एका बाजूने झिजायला लागले की लोक अलाइनमेंटवाल्याला बोल लावतात. ट्विस्ट बीमला मागे ॲडजस्टमेंट नसते हे लक्षात घ्या.

'दोन बोल्ट आहेत ना' या सल्ल्याबद्दल. हे बोल्ट खिळ्यासारखं आडवं वजन पेलत नाहीत. ते ब्रॅकेटला बॉडीवर दाबून धरतात आणि त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं त्यावर सगळा ॲक्सल टिकतो. तिनातला एक सैल पडला की ब्रॅकेट सूक्ष्म सरकायला लागतो. मग भोकं लांबट होतात, उरलेले दोन बोल्ट वाकतात-सरळ होतात, आणि थकून एक दिवस डोक्याखाली तुटतात. ब्रेक मारताना किंवा घाटात वळणावर मागचं चाक दिशा बदलतं. यात थट्टेला जागा नाही.

पठारे_चाकण

ताई, मुद्दा मान्य. पण माझ्या वेळी ब्रॅकेटचं भोक आधीच मोठं होतं, १४ सहज गेला. गाडीगाडीत फरक असतो. सरसकट 'नको' म्हणू नका एवढंच म्हणणं.

फास्टनरवाली

भोक कंपनीकडूनच मोठं असेल आणि नटाला भिंत भरपूर असेल तर १४ चालेल. मोजून ठरवा, एवढंच माझंही म्हणणं.

खडखडाट

अवांतर: आमच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीला असं झालं की बोल्टला डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकतात. किंवा तांब्याची तार. वरून एम-सील. टाइट बसतो एकदम.

उद्यमनगरी

खडखडाटराव, ट्रॉलीच्या फाळक्याला करा, ॲक्सलला करू नका. पत्र्याने बोल्ट घट्ट *वाटतो*, कारण तो अडकतो. अडकणं वेगळं आणि आट्यांनी बोल्ट ताणून धरणं वेगळं. पहिल्या चार खड्ड्यांत तो पत्रा चुरगळतो. एम-सील पाण्याच्या टाकीला उत्तम. आट्यांत नको.

सुमो_ते_स्कूटी

आटे लॉकवाला द्रव टाकला तर?

फास्टनरवाली

तो चांगल्या आट्यांतला बोल्ट सैल होऊ नये म्हणून असतो. गेलेले आटे त्याने परत येत नाहीत.

वसईची_गाडीवाली

वाशिष्ठीकाठ, एक महत्त्वाचं कुणी विचारलंच नाही. डिकीत सीएनजीची टाकी आहे का? वेल्डर 'पत्रा कापू' म्हणाला म्हणून विचारतेय.

वाशिष्ठीकाठ

आहे ताई. ६० लिटरवाली.

वसईची_गाडीवाली

मग कृपा करून आत्ताच वेल्डरला थांबवा.

सिलिंडर जागेवर ठेवून डिकीत ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग काहीही करायचं नाही. 'व्हॉल्व्ह बंद केलाय' हे पुरेसं नाही, कारण व्हॉल्व्ह बंद केला तरी सिलिंडरमध्ये गॅस २०० बारपर्यंत भरलेला असू शकतो. अधिकृत सीएनजी किटवाल्याकडून सिलिंडर आणि पाइप रीतसर उतरवून घ्या. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी (पाण्याच्या दाबाची चाचणी) तो उतरवावा लागतोच. ती तारीख जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकदम होतील.

दुसरं, अशा बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, म्हणजे तुमच्या ब्रॅकेटपासून हातभर अंतरावर. वेल्डिंग करायचंच असेल तर टाकी उतरवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा गैरसमज आहे, रिकाम्या टाकीत वाफ असते आणि पेटते ती वाफच. ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकची केबल, एबीएस असेल तर चाकाच्या सेन्सरची वायर बाजूला घ्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. जवळ एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन नुसता उभा राहू दे. चॅनलच्या आत कंपनीने गंज टाळायला मेण मारलेलं असतं, ते आतल्या आत धुमसतं आणि बाहेरच्याला पत्ताही लागत नाही.

माझ्या गाडीचं फ्लोअर वेल्डिंग मी समोर उभं राहून करून घेतलं, वेल्डर वैतागला तरी हटले नाही.

केबीन_क्लीनर

+१. या प्रतिसादाला पिन करा कुणीतरी.

लँकेशायरचा_लेले

इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हा विषय इथल्या गॅरेजांचा रोजचा आहे. वार्षिक एमओटी तपासणीत सस्पेन्शनच्या माउंटिंगपासून ३० सेंटिमीटरच्या आत चासीला गंजाने कमजोरी आली असेल तर गाडी सरळ नापास होते. दुरुस्तीही तिथे सलग वेल्डने करावी लागते, चिकटवलेला किंवा रिव्हेट मारलेला पत्रा चालत नाही.

यातून घेण्यासारखं हे, की फक्त भोकाकडे बघू नका. भोकाच्या भोवती वीतभर पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा, छोट्या हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर उत्तम. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर आट्यांचा विचार नंतर, आधी पत्रा. गंजक्या पत्र्यावरच्या नटात कितीही भारी इन्सर्ट (हेलिकॉइलसारखे आत बसवायचे नवे आटे) बसवला तरी नट पत्र्यासकट उपटून येणार.

दाभोळची_खाडी

कोकणातल्या गाड्यांना मीठ टाकायची गरजच नाही, वाराच खारा! पावसाळ्यात चिखल चॅनलमध्ये जातो आणि पाणी बाहेर पडायची भोकं बुजतात. मग दिवाळीपर्यंत आत ओलच. आमच्याकडे वॉशिंगवाले वरून फेस काढून गाडी चकाचक करतात, खाली कुणी बघत नाही. पावसाळा संपला की एकदा लिफ्टवर चढवून खालून धुवा आणि ती भोकं तारेने मोकळी करा.

सुमो_ते_स्कूटी

खालून काळं कोटिंग मारलं की झालं ना?

दाभोळची_खाडी

गंजावर कोटिंग मारलं तर गंज आत झाकून ठेवल्यासारखं होतं, तो खातच राहतो. नव्या गाडीला मारा. जुन्या गाडीला आधी घासून प्रायमर, मग कोटिंग. आणि पाण्याची भोकं बुजवू नका, हे मारणाऱ्या पोराला दोनदा सांगा.

हायवे_कधी_होणार

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांची बुशं फाटतात यात नवल ते काय. मुळात बुशं फाटली म्हणूनच हा धागा निघाला.

पाना_बारा_तेरा

हायवेवर गेलो तर धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि बोल्ट तिथेच राहील. परत फिरा. वाशिष्ठीकाठ, चिरावाल्या बोल्टचं काय झालं?

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवून ठेवली आहे, चालवत नाही.

अण्णांनी सांगितल्याप्रमाणे केलं. उजवीकडच्या बोल्टशी जुळवून पाहिलं, पिच १.२५च आहे आणि गॅरेजने लावलेला बोल्टही तोच होता. म्हणजे पिचचा घोळ नाही, बोल्ट तिरका लागला आणि गनने रेटला गेला. चिरावाला बोल्ट हाताने आत जातो, पण मधे लटपटतो. शेवटचे दोन-तीन फेरे थोडे धरतो. पानाने हलकं आवळलं की तेही सुटतात.

भोवतीचा पत्रा टोचून-ठोकून पाहिला. आवाज खणखणीत आहे, गंज वरवरचा. मोठा धीर आला.

शंका: शेवटचे आटे धरतायत तर लांब बोल्ट टाकून चालेल का?

उद्यमनगरी

नाही. वेल्ड नटाची उंची बोल्टच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी असते. तुमचा बोल्ट आधीच नटाच्या आरपार जात असणार. लांब टाकलात तर तो नुसता चॅनलमध्ये वर डोकावेल, धरायला तिथे काही नाही. इंजिन ब्लॉकसारख्या खोल भोकात लांब बोल्टची युक्ती चालते, इथे नाही.

पत्रा चांगला आहे म्हणता, मग हेलिकॉइलचा प्रयत्न करायला हरकत नाही. १२ × १.२५चं किट घ्या, त्यात ड्रिल, टॅप, कॉइल आणि बसवायची दांडी येते. ड्रिल किटवर लिहिलेल्या मापाचाच वापरा, 'साडेबारा चालेल' असं करू नका. आणि भोक सरळच गेलं पाहिजे. गाडीखाली झोपून वर ड्रिल धरला की हात हमखास कलतो. लेथवर एक लोखंडी गुटका करून घ्या, ड्रिल जेमतेम जाईल एवढं सरळ भोक पाडलेला. तो बाजूच्या दोन चांगल्या बोल्टांच्या भोकांवर आवळा आणि त्यातून ड्रिल घाला. टॅपही त्यातूनच सुरू करा. ही तासाभराची तयारी सगळ्या कामाचा प्राण आहे.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. टॅप मारताना नट फिरायला लागला तर तिथेच थांबा. म्हणजे नटाचं वेल्ड आधीच तडकलंय. गनच्या झटक्याने तसं होऊ शकतं. मग हेलिकॉइल बाद.

पठारे_चाकण

हेलिकॉइलपेक्षा सॉलिड बुशवाला इन्सर्ट चांगला नाही का? तो तारेचा नसून अखंड असतो.

फास्टनरवाली

वारंवार उघडायच्या जागी अखंड इन्सर्ट जास्त चांगला, कॉइल कधीकधी बोल्टबरोबर बाहेर येते. पण त्याला भोक आणखी मोठं लागतं. इथे नटाची भिंतच कमी, म्हणून इथे तारेचाच बरा. हेलिकॉइलची तार स्टेनलेस स्टीलची असते, नीट बसवली तर मूळ आट्यांइतकी किंवा जास्तच ताकद देते, कारण बाहेरचा आटा मोठ्या व्यासावर धरतो. फक्त ॲल्युमिनियमला चालतो हा समज बरोबर नाही.

वाशिष्ठीकाठ

अपडेट.

किट मुंबईहून मागवलं. भाच्याने नागदेवी स्ट्रीटवर जाऊन आणलं, सोबत १२ × १.२५चे नवे बोल्टही. गुटका खेर्डी एमआयडीसीत करून घेतला. सिलिंडर किटवाल्याकडून आधीच उतरवून घेतला होता. ड्रिल छान सरळ गेला.

आणि टॅपच्या तिसऱ्या फेऱ्याला नट फिरला. अण्णा, तुम्ही म्हणालात तसंच. थांबलो.

आता पत्रा कापायचाच का?

सुमो_ते_स्कूटी

अरे देवा.

उद्यमनगरी

थांबलात हे फार चांगलं केलंत. तसाच रेटला असता तर टॅप आत तुटला असता, आणि टॅपचं पोलाद इतकं कडक असतं की साध्या ड्रिलने निघत नाही.

कापायच्या आधी एक बघा. चॅनलच्या बाजूला किंवा मागे कुठे रबरी बूच लावलेलं गोल किंवा लांबट भोक आहे का? बॉडीला रंग लागताना तो आत जावा-यावा म्हणून कंपनी अशी भोकं ठेवते. नटापासून वीतभर अंतरावर असलं तरी चालेल.

वाशिष्ठीकाठ

आहे! चाकाच्या बाजूने, रबरी बूच लावलेलं. दोन बोटं जातात. टॉर्च मारली तर नटाची कड दिसते.

उद्यमनगरी

मग पत्रा कापू नका. नट प्लेट करू.

जुना नट आतून सोडवून बाहेर काढा. कॉइलसाठी नटात भोक पाडलंयच, तेच सरळ थोडं मोठं करा म्हणजे नटाचं उरलंसुरलं वेल्ड सुटेल. नट खालून छोट्या छिन्नीने हलवला की आत मोकळा पडेल, चुंबकाच्या काडीने बाजूच्या भोकातून ओढा. मात्र खालच्या पत्र्याचं भोक वाढू देऊ नका, ते मूळ मापाचंच राहायला हवं.

नंतर ८ मिमी जाड माइल्ड स्टीलची पट्टी घ्या, बाजूच्या भोकातून जेमतेम सरकेल एवढी रुंद, आणि लांबीला नटाच्या तिप्पट. मधोमध भोक पाडून त्यावर १२ × १.२५चा १० क्लासचा चांगला नट बसवा आणि चहूबाजूंनी वेल्ड करा. हे वेल्डिंग गाडीपासून दूर, टेबलावर होतं. सिलिंडर-टाकीची काळजीच मिटली. वेल्ड करताना नटात एक जुना बोल्ट घालून ठेवा, नाहीतर थेंब आट्यांत उडतात. गार झाल्यावर बोल्ट काढा, आटे साफ करा, झिंक प्रायमर मारा.

पट्टीच्या एका टोकाला सहा मिमीची सळई हलक्या टाक्याने जोडा. सळई धरून पट्टी भोकातून आत सरकवा, नट बोल्टच्या भोकावर आणा, खालून बोल्ट हाताने लावा. हाताने म्हणजे हातानेच, पाचसहा फेरे. मग आवळा. काम झालं की सळई मागेपुढे हलवून तोडा. पट्टीची लांबी चॅनलच्या भिंतीला अडते, त्यामुळे पट्टी फिरत नाही. वजनही एका नटाएवढ्या जागेवर न पडता लांब पट्टीभर पसरतं. मूळ नटापेक्षा हे मजबूत होतं असं माझं ठाम मत आहे.

बोल्ट मात्र जुन्यापेक्षा पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब घ्यायचा. नटाच्या वर दोन आटे बाहेर यायला पाहिजेत, गाडीत बसवल्यावर ते दिसणार नाहीत म्हणून आधी टेबलावर माप घ्या.

फास्टनरवाली

अण्णांना शंभर टक्के अनुमोदन. भर फक्त बोल्टबद्दल. डोक्यावर बनवणाऱ्याची खूण आणि क्लास दोन्ही हवेत. नुसतं '१०.९' कोरलेले बेनामी बोल्ट बाजारात आहेत. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४०ला, कायमचा ताणला जाणारा. कंपनीने ८.८ दिला असेल तर ८.८च टाका. 'भारीतला टाकू' म्हणून १०.९ टाकला आणि टॉर्क तोच ठेवला तर वेगळा फायदा काही नाही.

टॉर्क मॅन्युअलमधला घ्या. अंदाज म्हणून, १२ मिमीच्या ८.८ला कोरड्या आट्यांवर साधारण ८०-९० न्यूटन मीटर असतो. बॅटरीची गन याच्या कितीतरी पट जोर देते, ॲक्सलवर ती फक्त बोल्ट काढायला वापरावी. आट्यांना ग्रीस लावणार असाल तर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो, तेव्हा मॅन्युअलमध्ये कोरडा लिहिला असेल तर कोरडाच ठेवा.

वसईची_गाडीवाली

आणि बुशच्या आडव्या मोठ्या बोल्टबद्दल. तो गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना पक्का आवळायचा नाही. तसा आवळला की बुशचं रबर लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली उतरली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर गाडीचं वजन आल्यावर शेवटचा टॉर्क द्या. नवी बुशं वर्षभरात फाटली अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं.

खडखडाट

हे मला माहीत नव्हतं. ट्रॉली सोडून गाडीकडे लक्ष देतो आता.

वाशिष्ठीकाठ

झालं!

नट सुटायला वेळ लागला, पण निघाला. त्याच्या चार टाक्यांतले दोन जुनेच तुटलेले होते, तिथे गंज चढलाय, उरलेल्या दोन ठिकाणी ताजी चकाकी. म्हणजे हा नट आधीपासूनच अर्धा सुटलेला होता. पट्टी खेर्डीच्या वर्कशॉपनेच करून दिली. पहिल्यांदा भोकातून जाईना, कोपरे ग्राइंडरने तिरके केले तेव्हा सरकली. बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला, मग टॉर्क रेंचने आवळला. रेंचचा 'कट्' आवाज आला तेव्हा वर्कशॉपवाल्याने आणि मी एकदमच श्वास सोडला.

बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर आणून, मागे दोन माणसं न बसवता, रिकाम्या गाडीवर आवळले. बरोबर ना? आतून मेणाचा फवारा मारला, बूच परत लावलं. सिलिंडर किटवाल्याने बसवून गळती तपासून दिली. बोल्टांच्या डोक्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली आहे.

वसईची_गाडीवाली

बरोबर. मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर रिकामी गाडी, चारही चाकं सपाट जमिनीवर.

पठारे_चाकण

अभिनंदन! नट प्लेटची कल्पना मी लिहून ठेवली. १४चा आग्रह मागे घेतो असं नाही, पण बाजूला भोक असेल तर हेच करेन.

लँकेशायरचा_लेले

दोन जुने टाके तुटलेले होते म्हणता, तर उजवीकडचे तीन नटही तपासा. बोल्ट सैल न करता, टॉर्क रेंच लावून कट् आवाज येतो का एवढंच बघा. बाजूच्या भोकातून टॉर्च मारून नट हलतोय का तेही दिसेल.

वाशिष्ठीकाठ

उद्याच बघतो.

उद्यमनगरी

शे-दोनशे किलोमीटर झाले की सहाही बोल्ट पुन्हा तपासा. नवी पट्टी आणि प्रायमर दाबून बसतात, थोडा ताण कमी होतो. रेघ सरकलेली दिसली तर पुन्हा टॉर्क द्या, दोनदा सरकली तर इथे येऊन सांगा.

नवा_सभासद_सांगली

उत्तम धागा. माझ्या पिकअपला मागे पाटे आहेत आणि यू बोल्टच्या नटाचे आटे गेलेत. तिथेही नट प्लेट चालेल का?

उद्यमनगरी

तिथे काही करायचं नाही. यू बोल्ट आणि नट, दोन्ही नवे टाका, जोडीने. उघड्यावर असतात, सहज बदलता येतात. एकदा ताणलेला यू बोल्ट परत वापरू नका. नव्या धाग्यात गाडीचं मॉडेल लिहा, माप सांगतो.